खवल्यांची साक्ष

१

सोमवारी सकाळी पावणेआठला, इस्पितळातून आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, हात वाकला.

हात माणसाचा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला उचलून खुर्चीत बसवायचं एक यंत्र असतं, त्याचा हा अ‍ॅल्युमिनियमचा हात. पावडरीवर लेझर फिरवून, थरावर थर चढवत छापलेला. आमच्या कारखान्याने या पद्धतीने केलेला हा पहिलाच मोठा नग. त्याला वाळूच्या बारा गोण्या लटकवून दाखवायच्या होत्या. सातव्या गोणीला तो जरासा लवला, नवव्या गोणीला उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखा झुकला, आणि गोण्या फुटून सगळी वाळू पाहुण्यांच्या बुटांवर सांडली.

मी तिथे नव्हते. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं मी त्या कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत बसून धातूचे तुकडे घासले, अ‍ॅसिडात बुडवले आणि मायक्रोस्कोपखाली पाहिले. त्यामुळे माझं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत आहे. बाकी सगळ्या जगाला मी भिंगबाई.

बुधवारी सकाळी धाकट्या मालकांचा फोन आला. धाकटे मालक साठीला आले आहेत आणि थोरल्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण एकदा धाकटे ते कायमचे धाकटे.

"बाई, जरा येऊन जाता का? चार वाजता बैठक आहे. ठिणगीला कामावरून काढायचं म्हणताहेत."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच. दुसरं काही पुढे आलं नाही तर मलाही तेच म्हणावं लागेल. मनात नाही हो, पण चूक कोणाची ते इस्पितळवाल्यांना आज सांगायचंय."

ठिणगी आमच्या साचेवाल्याची मुलगी. आमच्या ओतशाळेत तो वाळूचे साचे करायचा. असा हात पुन्हा होणे नाही. चार वर्षांची असताना ही पोर त्याचा डबा घेऊन यायची आणि घरी जायचं नाव काढायची नाही. सगळीकडे उडायची, म्हणून ठिणगी. साचेवाला गेला त्या आठवड्यात भट्टीनाना आणि मी त्याच्या खाटेपाशी उभे होतो. "पोरीकडे लक्ष ठेवा," एवढंच तो म्हणाला. मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं आणि पुढे तिला पुस्तकं पाठवत राहिले. नाना काहीच बोलले नव्हते. पोर शिकली, इंजिनियर झाली, आणि जिथे बापाचा वाळूचा ढीग असायचा तिथेच लेझरचं मशिन चालवायला लागली. आता तिच्यावर असला डाग लागला तर दुसरीकडे कोण उभं करणार तिला?

"आणखी एक आहे, बाई," धाकटे म्हणाले. "शनिवारचा भट्टीचा कागद गायब आहे."

मी चहाचं आधण तसंच उतरवलं आणि चपला शोधायला लागले.

२

कारखान्यात पाऊल टाकलं आणि आधी वास शोधला. वितळलेल्या धातूचा, जळक्या वाळूचा, माणसांच्या घामाचा. तो नव्हताच. ओतशाळेच्या जागी पांढऱ्या भिंती, बंद काचेच्या दारांमागे गुरगुरणारं मशिन, आणि आत मास्क लावून वावरणारी दोन माणसं. पूर्वी इथे शंभर लोक एकमेकांच्या नावाने बोंबलत असायचे. मला कसं तरीच झालं, आणि ते मान्य करायला मला लाज वाटत नाही.

भट्टीची खोली मात्र होती तशीच. तीच विटांची भट्टी, बाजूला पाण्याची तीच टाकी, आणि वर भिंतीवर तोच फळा. काळ्या फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने, माझ्या अक्षरात:

'अ‍ॅल्युमिनियमचा कोणताही नग: आधी मोठी आच, मग पाणी, मग मंद आच. पहिली चुकली तर दुसरी वाया. यात बदल नाही.'

अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, पण एक अक्षर पुसलेलं नव्हतं. कोणीतरी दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसत असणार. मला उगीच अभिमान वाटला.

खाली स्टुलावर भट्टीनाना बसले होते. अडतीस वर्षं भट्टी सांभाळली, आता अर्धा दिवस येतात. मला पाहून उठले.

"बसा हो नाना. शनिवारी होतात का तुम्ही?"

"मी असून नसल्यासारखाच आता, बाई. येतो, झाडतो, पुसतो." मग जरा थांबून म्हणाले, "पोरीचं काय होईल?"

"कागद सापडला नाही, तर जाईल बहुतेक."

"आणि सापडला, तर?"

"मग त्यावर जे उमटलं असेल त्यावर."

नाना पुन्हा स्टुलावर बसले आणि हातातल्या तारेच्या तुकड्याला पीळ देत राहिले. कागद म्हणजे ताटाएवढा गोल कागद. भट्टीशेजारच्या चाकावर तो लावतात, चोवीस तासांत एक फेरा होतो, आणि आच किती आणि कधी दिली याची रेघ पेन आपोआप ओढतं. तो नसला की उरतात फक्त तोंडातले शब्द.

माझ्या जुन्या खोलीत ठिणगी वाट बघत होती. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले. टेबलावर माझं हातातलं भिंग अजून तिथेच खिळ्याला तारेने लटकत होतं. मी लागोपाठ तीन भिंगं हरवली तेव्हा नानांनी ते बांधून दिलं होतं. "बाई, भिंग हरवतं, तार हरवत नाही," म्हणाले होते. मी त्यावरची धूळ पुसली.

"रडायचं नंतर," मी म्हटलं. "शनिवारी सकाळपासून सांग. काही गाळू नकोस."

"आठ वाजता हात भट्टीत ठेवला, मावशी. सोबत दोन साक्षीदार."

साक्षीदार ही आमची जुनी रीत. ओतकामाच्या दिवसांत प्रत्येक नगाबरोबर त्याच रसातून बोटाएवढी कांडी ओतायची. नग भट्टीत गेला की कांडी भट्टीत, नग पाण्यात गेला की कांडी पाण्यात. नग गिऱ्हाइकाकडे जातो, कांडी आपल्याकडे राहते, आणि उद्या भांडण झालं तर ती खरं बोलते. पोरीने छपाईतही ती रीत सोडली नव्हती. हाताशेजारी, त्याच पावडरीतून, दोन कांड्या छापल्या होत्या.

"सहा तास मंद आच दिली, एवढीच. आमच्या कामाला तेवढीच लागते. दोनला आच बंद केली. शनिवारी अर्धा दिवस ना. साक्षीदार दाराजवळच्या आकड्यावर होते, ते चिमट्याने काढले, एक सील करून खणात ठेवला, एक इथे आणला. हात मोठा, गरम; तो आतच निवू दिला आणि घरी गेले."

"म्हणजे साक्षीदार नगाच्या आधी बाहेर काढलास?"

"आच बंद केली होती, मावशी. त्यानंतर काय होणार होतं?"

साक्षीदार निघून गेल्यावर नग एकटा उरला होता, एवढं मी मनात टिपून ठेवलं.

३

शिक्केसाहेब म्हणजे मालावर 'पास'चा शिक्का मारणारे. मनुष्य करवतीसारखा सरळ आणि तितकाच प्रेमळ. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"उघड गोष्ट आहे, मॅडम. खणातला साक्षीदार कडक आहे, हात लोण्यासारखा मऊ आहे. दोघं एकाच भट्टीतून, एकाच आचेतून गेले असते तर असं होईल का? तिने बटण चुकीचं फिरवलं, हात करपवला, आणि मग ताजी कांडी छापून खणात ठेवली. कागद फाडला. संपलं."

"हात भट्टीतून कोणी काढला?"

"मी. सोमवारी सकाळी साडेसातला. आत नव्हता, बाहेर विटांवर ठेवलेला होता. पाहुणे लवकर आले, म्हणून सरळ उचलून नेला."

"तुम्हाला हे मशिन पहिल्यापासून नको होतं ना?"

"नको होतं. आजही नकोय," ते म्हणाले. "पण म्हणून मी माल बिघडवीन?"

चिडून बोलणारा माणूस खोटं बोलतोच असं नाही, हे मी आयुष्यभर पाहिलंय. तरी ते 'आत नव्हता, बाहेर विटांवर' हे वाक्य माझ्या कानात राहिलं. पोर तर हात आत ठेवून गेली होती.

कोठीवाला बिचारा आधीच अर्धा झाला होता. पावडर सांभाळणं त्याचं काम. ती ओलसर राहिली तर छापलेल्या धातूत हवेचे बुडबुडे अडकतात आणि नग पोकळ होतो.

"भिंगबाई, मी पावडर दोनदा सुकवली होती हो! माझ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"मुलांना मध्ये आणू नका. पावडरच सांगेल मला."

मग वाकलेला हात पाहिला. लांबीला माझ्या हातापेक्षा थोडा मोठा, मधून पोकळ. पोकळीत बोट घातलं तर पांढरट, खरखरीत काहीतरी लागलं. मानेपाशी, जिथे तो बारीक होतो, तिथे दोन समांतर रेघा रुतलेल्या आणि त्यांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा.

"शिकंज्याची खूण आहे ती," शिक्केसाहेब म्हणाले. "परीक्षेच्या वेळी पकडलं होतं तिथे."

असेल. पण शिकंज्याचे दात सरळ असतात, आणि या रेघा किंचित वळलेल्या होत्या. असली खूण मी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते काही केल्या आठवेना. म्हातारपणाला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि हाताचा नखाएवढा तुकडा कापून घेतला.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

४

तुकडा घासायचं काम सावकाशीचं. जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग मखमल. दर वेळी तुकडा आडवा फिरवायचा म्हणजे आधीचे ओरखडे निघून जातात. हाताला सगळं आठवत होतं. ठिणगी शेजारी उभी राहून खणातल्या साक्षीदाराचा तुकडा घासत होती, आणि तिची मान अगदी तिच्या बापासारखी एका बाजूला कललेली होती. तो असता तर काय म्हणाला असता, असं मनात येऊन गेलं. साच्याला फुंकर मारायचा तसा तो माझ्या टेबलावर येऊनही फुंकर मारायचा आणि माझे कागद उडवायचा.

अ‍ॅसिडात एक बुडी, पाणी, वारा. आधी साक्षीदार मायक्रोस्कोपखाली ठेवला.

खवले! माशाच्या अंगावर असतात तसे, एकावर एक, ओळीने. लेझरचा ठिपका पावडर वितळवतो तेव्हा रसाचं इवलंसं डबकं होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठतं. त्यावर पुढचं डबकं, त्यावर पुढचं. आडवं कापलं की त्या डबक्यांच्या कडा खवल्यांसारख्या दिसतात. भिंग मोठं केलं की प्रत्येक खवल्यात, अ‍ॅल्युमिनियममध्ये मिसळलेल्या सिलिकॉनची जाळी, मलमलीहून बारीक. सगळी ताकद त्या जाळीत. बुडबुडे नावाला दोन-चार.

"पावडर सुकी होती," मी म्हटलं. "कोठीवाल्याला सांग, पोरं सुखरूप आहेत."

मग हाताचा तुकडा ठेवला. खवले नाहीत. एकही नाही. जाळी विरघळून तिचे सुटे गोल मणी झालेले, आणि ते दोन-चार बुडबुडे फुगून मोठे झालेले. एवढं व्हायला मंद आच पुरत नाही. तिच्या तिप्पट तरी लागते. म्हणजे हात मोठ्या आचेतून गेला होता. शिक्केसाहेबांचं तिथवर बरोबर होतं.

"मावशी, मी नाही दिली हो मोठी आच."

"गप्प. कडकपणा मोज आता."

हिऱ्याचं टोक दाबून खड्डा पाडायचा आणि खड्डा मोजायचा, असं ते यंत्र. हात सत्तर. साक्षीदार एकशे पस्तीस.

"मशिनमधून नुकतीच काढलेली, भट्टी न पाहिलेली कांडी किती भरते?"

"एकशे वीसच्या आतच. कधीही."

"मग हा एकशे पस्तीस कसा?"

ठिणगीने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसलीच. मंद आचेत सहा तास काढल्याशिवाय ते वरचे पंधरा चढत नाहीत. सोमवारी घाईघाईने छापून खणात सरकवलेली कांडी ही नव्हेच. साक्षीदार खरा होता. पोरीने शनिवारी जे केलं म्हणून सांगितलं ते तसंच केलं होतं, आणि ती गेल्यावर कोणीतरी एकट्या हाताला पुन्हा भट्टी दिली होती.

पण कोणी? शिक्केसाहेबांना मशिन नको होतं. त्यांनी खोडी काढली असेल? मी पोकळीतला पांढरा थर नखाने खरवडून चिमटीत घेतला. आमच्या टाकीचं पाणी जड आहे. गरम धातूवर ते सुकलं की असाच थर मागे राहतो. हात भट्टीतून काढून टाकीत बुडवला होता. आता ज्याला माल बिघडवायचाय तो आच वाढवेल आणि पळून जाईल. तो कशाला तापलेला नग सांभाळून पाण्यात सोडेल, परत वर काढेल आणि निथळायला विटांवर ठेवेल? एवढी निगा शत्रू घेत नाही. ज्याने केलं त्याला हात बिघडवायचा नव्हता, सुधारायचा होता.

मोठी आच, मग पाणी. यापुढे मंद आच यायला हवी होती. ती राहून गेली.

हाताच्या मानेवरची ती खूण पुन्हा एकदा नीट पाहावी म्हणून मी खिळ्यावरच्या भिंगाकडे हात नेला. बोटांना तार लागली. दोन पीळ, आणि तारेचं शेपूट दोन्ही पिळांच्या मधोमध आत दुमडलेलं, कोणाच्या हाताला टोचू नये म्हणून.

दोन समांतर रेघा आणि मध्ये दाण्याएवढा खड्डा. मोठ्या आचेत अ‍ॅल्युमिनियम इतकं मऊ होतं की तार बांधून उचललं तरी खूण रुतते.

"मावशी, काय झालं? पाणी देऊ?"

"नको," मी म्हटलं. "तू इथेच बस. मी आलेच."

५

नाना स्टुलावर नव्हते. भट्टीच्या मागे, जुन्या साच्यांच्या लाकडी चौकटी रचून ठेवल्यात तिथे उभे होते. साचेवाल्याच्या चौकटी. एवढ्या वर्षांत कोणी टाकल्या नव्हत्या.

"नाना, चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"माझ्या खोलीत."

दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आयुष्यभर ते तिथेच थांबत आले होते. तारेला बांधलेले साक्षीदार माझ्या हातात द्यायचे आणि तिथूनच परत जायचे. मी कधी आत या म्हटलं नव्हतं.

"या ना आत. ठिणगी, नानांना खुर्ची दे."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मी वाकलेला हात त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्या दोन रेघांवर त्यांचं बोट टेकवलं. मला प्रश्न विचारावाच लागला नाही.

"शनिवारी तीनच्या सुमाराला आलो होतो," नाना खाली बघत म्हणाले. "भट्टीत हात दिसला. कागद बघितला तर नुसती मंद आच. मोठी आच नाही, पाणी नाही. म्हटलं, पोर पहिलं पाऊलच विसरली."

"नानाकाका!" ठिणगी म्हणाली.

"तू थांब गं. बाई, तुम्हाला आठवतं का? त्या साली माझ्याकडून एका लॉटला मोठी आच द्यायची राहिली. हिच्या बापाचं आठवड्याचं काम भंगारात गेलं. तुम्ही मला सगळ्या ओतशाळेसमोर काय काय बोललात. दुसऱ्या दिवशी तो फळा लागला. मला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. म्हटलं, हिच्या वाट्याला ते यायला नको. मोठी आच दिली. पाण्यातून काढला. मंद आच सोमवारी आल्याआल्या देणार होतो. आलो तर साहेब हात घेऊन गेलेले."

"आणि कागद?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. घड्या घामाने मऊ झाल्या होत्या. सकाळी मंद आचेची बुटकी रेघ, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत मोठ्या आचेचा उंच कडा.

"अहो, मग तीन दिवस बोलला का नाहीत? पोरीची नोकरी चाललीय!"

"बोललो असतो तर कागद दाखवावा लागला असता. कागदावर दिसतंय ना, ती विसरली ते." नानांचा आवाज फुटला. "मी तिला झाकत होतो, बाई."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. पण नानांनी तर स्वतःचंच कोंबडं पोरीचं समजून पोटाशी धरलं होतं. मला हसूही येईना आणि रडूही. सकाळी त्यांनी विचारलं होतं, "आणि सापडला, तर?" मी वेडी, तिथेच ओळखायला हवं होतं. कागद सापडण्याची भीती वाटणारा तिथे तो एकटाच माणूस होता.

"ती विसरली नव्हती, नाना," मी म्हटलं. "इकडे या. या नळीला डोळा लावा. हा साक्षीदार."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "हे काय... खवले?"

"ओतलेला धातू सावकाश गोठतो. त्यात सिलिकॉनचे जाड काटे होतात, म्हणून आपण मोठ्या आचेने ते बोथट करायचो. हा धातू क्षणात गोठलेला. याच्यात काटे नाहीतच, आधीपासून बारीक जाळी आहे. मोठी आच दिली की ती जाळीच मोडते. आपल्या मालाला जे औषध, ते याला विष. याला पहिली आच द्यायचीच नसते."

नाना बराच वेळ नळीला डोळा लावून राहिले. मग म्हणाले, "पण फळ्यावर लिहिलंय ना, बाई. कोणताही नग. यात बदल नाही."

साडेतीन वाजले होते, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की या प्रकरणातला गुन्हेगार कोण.

६

बैठकीत मी कागद टेबलावर पसरला आणि सगळं ओळीने सांगितलं. ठिणगीचा साक्षीदार खरा, पावडर सुकी, मोठी आच नानांनी दिली. शिक्केसाहेबांनी हात आणि साक्षीदार, दोन्हींचा कडकपणा स्वतः पुन्हा मोजला, आणि मोजल्यावर ठिणगीकडे वळून म्हणाले, "मी चुकलो." तेवढंच, पण म्हणाले.

"म्हणजे दोष नानांचा लिहायचा?" धाकटे मालक पेन घेऊन बसले होते. त्यांना ते लिहायचं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरुणपणी नानांच्या शेजारी उभं राहूनच ते भट्टीचं काम शिकले होते.

"नानांनी फळ्यावर लिहिलंय ते शब्दाला शब्द पाळलं," मी म्हटलं. "दोष लिहायचाच असेल तर तो कोणाच्या अक्षरात आहे ते भट्टीच्या खोलीत जाऊन बघा. मशिन येऊन दोन वर्षं झाली. पोरीने नवी रीत तिच्या फायलीत लिहिली, ती नानांना कोणी वाचून दाखवली नाही. आणि मी 'यात बदल नाही' लिहून घरी झाडांना पाणी घालत बसले. माझं नाव लिहा. खरं नाव हवं असेल तर सांगते."

कोणीतरी हसलं, आणि खोलीतली हवा जरा हलली. शेवटी धाकट्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. ठिणगी राहिली. नानाही राहिले. नवा हात छापून महिन्याभरात पुन्हा गोण्या लटकवायच्या असं ठरलं, आणि नग बाहेर येईपर्यंत साक्षीदार भट्टीतून हलवायचा नाही, हेही.

फळा आम्ही त्याच संध्याकाळी उतरवला. स्टूल डुगडुगत होतं म्हणून नानांनी ते धरलं. 'कोणताही' या शब्दावर मी काळा रंग फासला आणि त्याच्या जागी 'ओतलेला' लिहिलं. 'यात बदल नाही' सगळंच खोडलं. खाली रिकाम्या जागेत ठिणगीने लिहिलं: 'छापलेला नग: फक्त मंद आच. शंका आली तर विचारा.' तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, ते मी तिला सांगितलंही.

ती घरी गेल्यावर मी माझं सामान घ्यायला खोलीत आले, तर नाना दारात. या वेळी उंबऱ्याच्या आत.

"बाई, एक विचारू? आपलं कसं दिसायचं? आपल्या ओतकामाचं."

कपाटाच्या तळाशी माझे जुने डबे होते. मी एक उघडला. कापसात गुंडाळलेला तुकडा, त्यावर तारीख आणि 'भ. ना.' एवढंच. वाया गेलेल्या लॉटनंतर, फळा लागल्यानंतर, नानांनी दिलेला पहिला साक्षीदार. तो मी का ठेवला होता, ते मला पक्कं आठवत होतं. मखमलीवर दोन मिनिटं फिरवला, अ‍ॅसिडात एक बुडी दिली आणि नळीखाली ठेवला. मोठ्या, शांत ढगांसारखे दाणे, आणि त्यांच्या मधल्या वाटांवर सिलिकॉनचे गोल, एकसारखे मणी. एकही काटा नाही.

नाना पाहत राहिले. बाहेर शेवटची शिफ्ट सुटल्याचे पायांचे आवाज आले आणि गेले.

"हे मी केलेलं?"

"तुम्ही. इतकं सुरेख काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नाना. त्यानंतरही फार नाही."

त्यांनी डोळा काढला नाही. नळीतच बघत हळूच म्हणाले, "तेव्हा सांगायचं होतंत की, बाई."

मी डब्यातून दुसरा तुकडा काढला आणि घासायला बसले.